तिशा बावचा उपास: कुठल्या वेळी काय करायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात

ज्यू कॅलेंडरचा आव महिना जवळ आला की तेच प्रश्न परत सुरू होतात. साबुदाण्याची खिचडी चालते का, चहा तरी चालतो का, फोन बंद ठेवायचा का, पांढरे कपडे घालायचे का. या सगळ्यांचं उत्तर नाही असं आहे, आणि बहुतेक गोंधळ दोन कारणांनी होतो. एक म्हणजे आपण आजूबाजूचे एकादशी-चतुर्थीचे उपास बघत मोठे झालो, त्यामुळे उपास म्हटलं की डोक्यात फराळ येतो. दुसरं म्हणजे योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हाही असाच सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंतचा निर्जळी, म्हणून तिथले सगळे नियम जसेच्या तसे इकडे आणले जातात. तिशा बाव हा दुखवट्याचा दिवस आहे, यरुशलेमची दोन्ही मंदिरं पडली त्याचा. म्हणजे इथे सुतकाचे नियम चालतात आणि उपास हा त्यातला एक भाग. हे नियम एकदम लागत नाहीत, पायरी पायरीने घट्ट होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून परत सैल होत जातात. कुठली गोष्ट कुठल्या पायरीची हे नीट कळलं तर निम्म्या चुका होतच नाहीत.

१. तारीख आधी पक्की करा

दिवस म्हणजे आव महिन्याची नऊ तारीख, पण ती सुरू होते आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला. इंग्रजी कॅलेंडरवर एकच तारीख छापलेली असते, ती बघून लोक त्या दिवशी सकाळी उपास धरतात आणि रात्रीचा अर्धा भाग हातातून गेलेला असतो. म्हणून संध्याकाळ लिहून ठेवा:

- २०२६: बुधवार २२ जुलै संध्याकाळ ते गुरुवार २३ जुलै रात्र
- २०२७: बुधवार ११ ऑगस्ट संध्याकाळ ते गुरुवार १२ ऑगस्ट रात्र
- २०२८: सोमवार ३१ जुलै संध्याकाळ ते मंगळवार १ ऑगस्ट रात्र
- २०२९: शनिवार २१ जुलै संध्याकाळ ते रविवार २२ जुलै रात्र

आपल्या पंचांगावरून काढायचा प्रयत्न करू नका. दोन्हीकडे महिने चंद्राचे, त्यामुळे तिथी शुद्ध नवमीच्या आसपास येते हे खरं, पण महिना कधी आषाढ असतो कधी श्रावण, दोघांचे अधिक महिने वेगवेगळ्या वर्षी येतात, आणि एखाद्या दिवसाचा फरक तर नेहमीचाच.

तपासा: त्या वर्षी पेसाखचा (वल्हांडण सणाचा) पहिला दिवस कुठल्या वारी होता ते आठवा. तिशा बाव त्याच वारी येतो. २०२६ चा पेसाख गुरुवारी, तिशा बावही गुरुवारी. वार जुळत नसेल तर तुमची तारीख चुकलीय. अपवाद एकच, नऊ आव शनिवारी आला तर उपास रविवारी ढकलतात, कारण शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र, विश्रांतीचा पवित्र दिवस) दुखवटा पाळत नाहीत. २०२९ ला तसंच आहे.

२. आधीचे नऊ दिवस: जे आत्ताच उरकायला हवं

तम्मुजच्या (आवच्या आधीच्या महिन्याच्या) सतराव्या दिवसाचा छोटा उपास (पहाट ते रात्र) झाला की तीन आठवडे सुरू होतात. लग्न नाही, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम नाहीत. आव महिना लागला की मटण, चिकन आणि वाईन बंद. काही घरांत पहिल्या तारखेपासून, सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीच्या बऱ्याच घरांत दुसरीपासून. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांची प्रार्थनेची पद्धत सेफार्दी वळणाची असली तरी घरोघरचा रिवाज वेगळा असतो, तेव्हा आईकडे काय चालायचं सासरी काय चालायचं ते विचारा आणि एक धरून चाला. शब्बाथला मात्र मांस आणि वाईन दोन्ही चालतं.

मासे चालतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. अर्थात महाराष्ट्रात ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे तारीख जुलैत आली तर बाजारात ताजं फारसं काही मिळत नाही, तो भाग वेगळा.

कपडे धुणं, केस कापणं, नवीन कपडे घालणं यावर बंधन येतं. आश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातले ज्यू) पूर्ण नऊ दिवस पाळतात, सेफार्दी रिवाजात साधारण ज्या आठवड्यात उपास येतो तेवढाच आठवडा. २०२६ ला तो आठवडा रविवार १९ जुलैपासून. आता मुंबई-कोकणात ऐन पावसाळा, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून शनिवारी रात्री मशीन लावू म्हणून ठेवलंत तर फसाल. गुरुवारीच सगळं धुऊन घ्या.

एक जुनी युक्ती आहे. आठवडा लागायच्या आधी चार-पाच धुतलेले शर्ट-कुर्ते प्रत्येकी थोडा वेळ अंगावर घालून काढून ठेवायचे. मग ते नुकतेच धुतलेले धरत नाहीत आणि आठवडाभर वापरता येतात. ऐकायला विचित्र वाटेल पण घामाच्या दिवसांत याशिवाय निभत नाही.

आंघोळीचं लोक उगाच ताणतात. घाम आणि घाण काढण्यापुरती साधी आंघोळ या दिवसांत आपल्या हवेत करावीच लागते, गरम पाण्याने आरामात तासभर नको एवढंच. पूर्ण बंदी येते ती फक्त उपासाच्या दिवशी.

३. औषधं आणि तब्येत: हे उपासाच्या आठवडाभर आधी

ही पायरी सगळे शेवटी करतात, म्हणजे बुधवारी दुपारी चार वाजता डॉक्टरला फोन. तसं नका करू.

आजारी माणसावर हा उपास नाही. इथे योम किप्पूरपेक्षा नियम मवाळ आहे, जीवाला धोका असलाच पाहिजे अशी अट नाही, खरंखुरं आजारपण पुरतं. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, किडनीचा त्रास, रोजच्या वेळेला अन्नाबरोबर घ्यायची औषधं असतील तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की पाण्याशिवाय साधारण २५ तास आहेत. नुसतं उपास आहे म्हटलं तर डॉक्टर फलाहाराचा उपास समजतात, चांगल्या अनुभवी डॉक्टरचीही ही गफलत होते. बाळंतिणीला पहिले ३० दिवस उपास नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टर आणि रब्बी (धर्मगुरू) दोघांना विचारावं, सूट देणारे रब्बी पुष्कळ आहेत. मुलगा १३ आणि मुलगी १२ वर्षांची होईपर्यंत उपास नाही.

सावधान: उपास नाही म्हणजे दिवस नाही असं होत नाही. ज्याला खायची मुभा आहे त्याने साधं, पोटापुरतं खावं, आणि चपला-आंघोळ-शुभेच्छा वगैरे बाकीचे नियम त्यालाही लागू. खायला लागणार म्हणून घरी बिर्याणी करू नये.

चहा-कॉफी चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जे डोकं ठणकतं ते भुकेने कमी आणि चहा तुटल्याने जास्त. पाणी दोन दिवस आधीपासून वाढवा, शेवटच्या तासात दोन बाटल्या घटाघटा पिऊन काही साठत नाही, नुसते बाथरूमचे हेलपाटे.

४. बिरडं: सोमवारीच भिजत घाला

आपल्याकडे या दिवसाला बिरड्याचा सण म्हणतात ते काही उगाच नाही. जुन्या घरांत या दिवसांत मांस बंद आणि ताटाऐवजी केळीच्या पानावर वालाचं बिरडं असं असायचं. इस्राएलमध्ये डिमोना, लोद, अश्दोदला गेलेल्या बऱ्याच घरांत अजून होतं. पण वाल ही आयत्या वेळची गोष्ट नाही.

उपास बुधवारी संध्याकाळी लागत असेल तर हिशेब असा: सोमवारी सकाळी कडवे वाल निवडून भरपूर पाण्यात भिजत. सोमवारी रात्री पाणी काढून ओल्या पंचात घट्ट बांधायचे. मंगळवार रात्रीपर्यंत मोड दिसायला लागतात, पावसाळी गारठ्यात बुधवार सकाळ उजाडते. मध्ये एकदा उघडून वास घ्या, आंबूस वाटला तर स्वच्छ पाण्यातून काढून परत बांधा, नाहीतर वाल बुळबुळीत होतात. बुधवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून सोलायचे, साल सुटत नसेल तर पाणी थोडं अजून कोमट करा पण उकळतं नको. सोलायला दोन माणसं बसवा, एकट्याला कंटाळा येतो. मसाला साधा, मीठ आणि तिखट नेहमीपेक्षा कमी, कारण पुढे पाणी नाहीये.

आणि वाल पचायला जड असतात. संध्याकाळी एक वाटी पुरे.

५. शेवटचं जेवण: सगळ्यात जास्त चुका इथे

याला सेउदा मफसेकेत म्हणतात. लोक समजतात की हे उपासाआधीचं पोटभर जेवण, तर तसं अजिबात नाही. क्रम असा आहे:

अ) दुपारी नेहमीचं जेवण नीट जेवा, मांस-वाईन सोडून. भात, चपाती, दोन भाज्या, जे काय खायचं ते आत्ता. पोट इथे भरायचं.

आ) मग मिन्हाची, म्हणजे दुपारची प्रार्थना.

इ) सूर्यास्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर बसून शेवटचं जेवण. त्यात शिजवलेला पदार्थ फक्त एक. मांस, मासे, वाईन काही नाही.

आता हा एक पदार्थ नीट समजून घ्या. उकडलेलं अंडं हाही शिजवलेला पदार्थ. भात हाही. म्हणजे बिरडं-भात झाला दोन, बिरडं आणि अंडं झालं दोन. बिरडं घेतलंत तर सोबत चपाती किंवा पाव, अंडं घेतलंत तरी तेच. चपाती-पाव मोजत नाहीत, कच्ची फळं, काकडी मोजत नाहीत. बिरड्यातला कांदा-खोबरं मोजायचं नाही, ते नेहमीच त्यात असतं. पुष्कळ ठिकाणी नुसता पाव आणि अंडं, पावाचा तुकडा थोड्या राखेत टेकवून, असा रिवाज आहे. राख चिमूटभरच, आणि ती स्वच्छ कागद जाळून केलेली असावी, उदबत्तीची नको.

ई) तीन पुरुषांनी एकत्र बसून खायचं नाही. एरवी तिघे असले की जेवणानंतरची प्रार्थना मिळून म्हणतात, ती इथे टाळायची असते. घरातल्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यात बसावं.

तपासा: जेवण झालं आणि सूर्यास्ताला अजून वीस मिनिटं असली तर पाणी पिता येतं. फक्त उपास आत्ताच धरला असं तोंडाने म्हणू नका, उलट सूर्यास्तापर्यंत धरत नाही असं मनाशी ठरवा.

मुंबईत जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. पण मिनिटांसाठी तुमच्या सिनेगॉगचं (प्रार्थनामंदिराचं) वेळापत्रकच धरा. ढगात सूर्य दिसत नाही म्हणून अंदाजे अजून उजेड आहे असलं चालत नाही.

६. सूर्यास्त ते झोप

सूर्यास्तापासून पाच गोष्टी बंद: खाणं-पिणं, अंग धुणं, तेल-क्रीम-अत्तर लावणं, चामड्याची पादत्राणं, नवरा-बायकोचा संबंध.

पादत्राणांचं नीट बघा. कोल्हापुरी चामड्याची असते, चालत नाही. स्पोर्ट्स शूजलाही कधी कधी चामड्याच्या पट्ट्या असतात. रबरी स्लीपर, क्रॉक्स, कॅनव्हास चालतं आणि पावसात तेच बरं. चामड्याचा पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा याला काही नाही, नियम पायापुरता आहे.

सिनेगॉगमध्ये दिवे मंद असतात, पवित्र कपाटाचा पडदा बऱ्याच ठिकाणी काढलेला असतो, लोक जमिनीवर बसतात. एखा वाचतात, मराठी बायबलमध्ये जे विलापगीत आहे ते. पाच अध्याय. शेवटून दुसरं वचन अगदी शेवटी परत मोठ्याने म्हणतात, कारण शेवटच्या कडू वचनावर थांबायचं नसतं. पाठोपाठ किनोथ म्हणजे शोकगीतं.

सावधान: आत जाताना शालोम म्हणायचं नाही, हात मिळवायचा नाही, बाहेर पडताना गुड नाइट नाही. कोणी माहीत नसून शालोम म्हटलं तर हळू आवाजात उत्तर द्या, तोंड फिरवून त्याचा अपमान करू नका. आणि नावात सण आहे म्हणून व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवणाऱ्या मित्रांवर चिडू नका, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

घरी आल्यावर वीज, फोन, गाडी सगळं चालतं, हा शब्बाथ नाही. पण रील्स, गाणी, क्रिकेट नाही.

७. सकाळ ते मध्यान्ह: दुखवट्याचा सगळ्यात जड भाग

उठल्यावर हात धुवायचे ते फक्त बोटांच्या मुळापर्यंत, तळवा नाही. ती ओली बोटं डोळ्यांवरून फिरवता येतात. टॉयलेटनंतरही तसंच. हाताला खरी घाण लागली, बाळाचं डायपर बदललं, भाजी चिरली तर तेवढी जागा धुवा, ते घाण काढणं झालं. दात घासणं आणि चूळ भरणं नाही. ऑफिसला जायचंच असेल तर घामाचा वास घालवण्यापुरता साधा डिओ बरेच रब्बी चालवून घेतात.

मध्यान्हापर्यंत खुर्चीवर नाही, जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर. गुडघे दुखतात त्यांनी सरळ खुर्चीवर बसावं.

तल्लीत (प्रार्थनेची शाल) आणि तेफिल्लीन (हाताला-कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) सकाळी घालायचं की मिन्हाला, यात फरक आहे. बहुतेक ठिकाणी मिन्हाला घालतात, काही सेफार्दी मंडळी सकाळीच. तुमच्या सिनेगॉगच्या हज्जानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आदल्या दिवशी विचारून ठेवा. ठाण्यातला माणूस पुण्याला किंवा अलिबागला गेला आणि आपलंच खरं म्हणून एकटाच वेगळं करत बसला तर बरं दिसत नाही.

तोरा (धर्मशास्त्र) नेहमीसारखी अभ्यासायची नाही, कारण तिने मन आनंदी होतं. चालतं काय तर एखा, ईयोबचं पुस्तक, यिर्मयातले दुःखाचे भाग, दुखवट्याचे नियम.

कामधंदा पूर्ण बंद नाही. पण निदान मध्यान्हापर्यंत टाळा. सुट्टी अर्धाच दिवस मिळत असेल तर पहिला अर्धा घ्या, लोक नेमका दुसरा घेऊन घरी येऊन झोपतात.

८. मध्यान्हानंतर

मध्यान्ह म्हणजे दुपारी बारा नव्हे. सूर्योदय ते सूर्यास्त याचा बरोबर मध्य. जुलैअखेर मुंबईत तो पावणेएकच्या आसपास येतो, आणि गंमत म्हणजे इस्राएलच्या उन्हाळी वेळेप्रमाणे यरुशलेमलाही साधारण पावणेएकच.

इथून खुर्चीवर बसता येतं, घर झाडता येतं, रात्रीच्या जेवणाची तयारी करता येते. स्वयंपाकापुरते हात आणि भांडी धुवायला हरकत नाही. पण खाणं, आंघोळ, चपला धरून पाचही नियम रात्रीपर्यंत तसेच. मध्यान्ह झाली म्हणजे चहा सुटला असं समजणारे दरवर्षी भेटतात. मिन्हाच्या प्रार्थनेत नाहेम हा सांत्वनाचा भाग घालायचा असतो, सकाळी किनोथ म्हणून थकलेले लोक मिन्हाला जातच नाहीत आणि नेमका तो चुकतो.

चक्कर, धडधड, अंधारी आली तर पाणी प्या आणि झोपून राहा. इथे हट्ट करायचं कारण नाही.

९. शनिवारी रात्री सुरू होणारं वर्ष

२०२५ ला असंच होतं, २०२९ ला परत आहे. तेव्हा बराच क्रम बदलतो. शेवटचं साधं जेवण नाही, शब्बाथचं तिसरं जेवण नेहमीसारखं, मांसही चालतं, फक्त सूर्यास्ताला थांबायचं. चपला शब्बाथ संपल्यावर, अंधार पडल्यावर बदलायच्या. शब्बाथ आणि इतर दिवस वेगळे करणारं ते एक वाक्य, बारूख हामावदील, म्हणायचं आणि मगच गाडी-दिवे. त्या रात्री हावदालामधला (शब्बाथ संपवण्याच्या विधीमधला) फक्त दिव्याचा आशीर्वाद म्हणायचा. वाईनच्या पेल्याचा भाग रविवारी रात्री उपास सुटताना, सुगंध आणि दिवा न घेता.

सावधान: शब्बाथच्या दुपारी, उद्या उपास आहे म्हणून झोपतो, असं बोलून दाखवू नका. झोपा खुशाल.

१०. सोडताना आणि दहा आव

सूर्य मावळला म्हणजे उपास सुटला असं नाही, तारे दिसण्याची वेळ व्हायला हवी. पावसाळ्यात तारे कुठले दिसणार, म्हणून परत वेळापत्रक. आधी आरवितची, म्हणजे रात्रीची प्रार्थना, मग दोन्ही हात मनगटापर्यंत नीट धुवा (सकाळी बोटंच धुतली होती), चपला बदला, चूळ भरा. रविवारचं वर्ष असेल तर हावदाला आधी. मग पाणी, हळूहळू. दहा मिनिटांनी मऊ भात, पेज, सूप असलं काहीतरी. वडापावने सोडणाऱ्यांना रात्री जे व्हायचं ते होतं.

मटण लगेच नाही. दुसरं मंदिर पेटलं ते नऊ तारखेला, पण दहा तारखेला दिवसभर जळत होतं, त्यामुळे मांस, वाईन, धुणं, केस कापणं साधारण दहा आवच्या मध्यान्हापर्यंत थांबतं. उपास ढकलून रविवारी आलेला असला तर ती दहा तारीखच असते, तेव्हा मांस-वाईन फक्त त्या रात्रीपुरतं टाळतात, बाकी लगेच मोकळं.

२०२६ ला उपास गुरुवारी, म्हणजे दहा आव शुक्रवारी. दुपारपर्यंत थांबलात तर शब्बाथची तयारी होणारच नाही, म्हणून अशा वर्षी शब्बाथसाठी आंघोळ, केस, कपडे धुणं शुक्रवारी सकाळीच करता येतं. मांस आणि वाईन मात्र शुक्रवारी मध्यान्हापर्यंत नको.

चंद्राचा आशीर्वाद राहिला असेल तर उपास सुटल्यावर, काहीतरी खाऊन, चपला घालून म्हणतात. चंद्र प्रत्यक्ष दिसायला हवा. ढग असले तर पौर्णिमेच्या आसपासपर्यंत चार-पाच रात्री हातात असतात, रोज आरवितनंतर एकदा गच्चीत डोकावून या.